हवेचा स्क्रू किती आटे सोडायचा? बुलेटची पीयूसी फेल झाल्यापासूनचे २३ दिवस

आधीच सांगून ठेवतो, मी काय मेकॅनिक नाही. सोलापुरात चादरी-टॉवेलच्या एका गोडाऊनमधे हिशोब लिहितो, आणि २०२४ च्या एप्रिलपर्यंत कार्बोरेटर म्हणजे इंजिनला मागून चिकटलेला एक डबा, तो बिघडला की मिस्त्री बघतो, एवढंच माझं ज्ञान. लिहायला बसलो कारण तेव्हा मी जे शोधत होतो ते मराठीत सलग कुठं सापडलं नाही, जे सापडलं ते दुसऱ्याच गाडीचं होतं, आणि त्या दुसऱ्या गाडीच्या नादाला लागून भर दुपारी सात रस्ता चौकात बुलेट ढकलत होतो. ते पुढं येईलच.

गाडी काकांची. जून २००४ ची बुलेट ३५०, जुनं बिडाचं (ओतीव लोखंडाचं) इंजिन, नुसती किक, उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक. काका यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की बोलावतात तो माणूस. रिटायर झाल्यावर गुडघ्यांनी दगा दिला तेव्हापासून गाडी माझ्याकडं, आरसी मात्र अजून त्यांच्याच नावावर.

पहिली १५ वर्षं २०१९ ला संपली तेव्हा नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली होती, ती १४ जून २०२४ ला संपत होती. ज्यांची गाडी जुनी आहे त्यांच्यासाठी सांगतो, नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या फार तर ६० दिवस आधी करता येतो, त्याच्या आधी नाही, म्हणजे माझी खिडकी १५ एप्रिलच्या आसपास उघडली. नमुना २५, चालू इन्शुरन्स, चालू पीयूसी, आणि गाडी प्रत्यक्ष नेऊन दाखवायची. इन्शुरन्स होता. पीयूसी फेब्रुवारीतच संपलेली, ती मी विसरलो होतो, आणि पीयूसी नसताना पोलिसाने धरलं तर दंड दहा हजारापर्यंत जाऊ शकतो हे कळल्यावर जरा घामच फुटला.

२० एप्रिल, शनिवार. पंपाशेजारच्या पीयूसीवाल्याकडं गेलो. त्या पोराने सायलेन्सरमधे नळी घातली, नंबर प्लेटचा फोटो काढला, स्क्रीनकडं बघितलं आणि परत बघितलं. सीओ ६.१. आमच्यासारख्या, म्हणजे मार्च २००० नंतरच्या फोरस्ट्रोक दुचाकीला मर्यादा साडेतीन टक्के. "फेल. कार्बोरेटर सेट करून आणा." पन्नास रुपये त्याने घेतलेच, बरोबर आहे, टेस्ट तर केलीच होती त्याने.

खरं सांगायचं तर गाडी महिनाभर सांगत होती, मीच ऐकत नव्हतो. सकाळी चोक न लावता एका किकमधे सुरू व्हायची, मला वाटायचं वा काय गाडी आहे, पण गरम झाली की सिग्नलला गडगडायची आणि बंद पडायची, सायलेन्सरचं तोंड काजळीने काळं झालेलं, मागं बसलेली बायको म्हणायची पेट्रोलचा वास येतोय, आणि अ‍ॅव्हरेज बत्तीस-तेहतीसवरनं चोवीसवर. ही सगळी लक्षणं एकाच गोष्टीची, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय. जास्तीचं पेट्रोल धड जळत नाही, अर्धवट जळतं, आणि त्याचाच कार्बन मोनॉक्साइड होतो, तोच तो सीओ. थंड इंजिनला जास्त पेट्रोल लागतंच, त्यासाठीच तर चोक असतो, म्हणून सकाळी खूश आणि गरम झाल्यावर नाराज. आता सोपं वाटतंय लिहायला.

दुसऱ्या दिवशी रविवारी आमच्या भागातल्या एका गॅरेजला नेली. दोन तास बसलो, त्याने कार्बोरेटर खोलला, पेट्रोलने धुतला, बसवला, आणि रेस वाढवून दिली. ३५० रुपये. गाडी सिग्नलला बंद पडायची थांबली म्हणून मी खूश, मंगळवारी परत पीयूसीला गेलो, ५.४. परत पन्नास. रेस वाढवली म्हणजे इंजिन जोरात फिरतंय म्हणून बंद पडत नाही एवढंच, आतलं मिश्रण होतं तसंच. दुसऱ्या एका मिस्त्रीने तर गाडीवरनं उतरायच्या आधीच सांगितलं की कार्बोरेटर गेला, नवीन टाका, बावीसशे. त्याने झाकणसुद्धा उघडून बघितलं नव्हतं. बावीसशे रुपये देण्याचं दुःख नव्हतं एवढं, पण देऊनही पास होईल का याची खात्री तो देईना.

मग मी आपला मोबाईल उघडला. एक हिंदी व्हिडिओ सापडला, छान समजावून सांगत होता, कार्बोरेटरचा मिश्रणाचा स्क्रू घट्ट करा की पेट्रोल कमी होतं, सैल करा की वाढतं. मला कमी करायचंय, मी घट्ट केला. पाऊण आटा, म्हणजे पाऊण फेरा. गाडी अजून बिघडली. म्हणलं कमी पडलं असेल, अजून घट्ट केला, आता पार टेकला. २६ एप्रिलला दुपारी दीड वाजता गोडाऊनमधनं जेवायला निघालो तर सात रस्त्याला बंद पडली ती पडलीच, बेचाळीस डिग्रीत वीस किका मारल्या, शर्ट पाठीला चिकटला, एक रिक्षावाला थांबून म्हणाला, "काय करूलालास बे, विकून टाक की." प्लग काढायचा पाना पण जवळ नव्हता. तिथनं घरापर्यंत ढकलत.

चूक काय झाली ते आता लिहितो, कारण या सगळ्या लिखाणात कामाचं काही असेल तर ते हेच आहे. मिश्रणाचा स्क्रू दोन जातीचा असतो. काही कार्बोरेटरमधे तो हवा अडवतो, काहींमधे पेट्रोल. दोन्ही दिसायला सारखेच, पितळी, छोटी स्प्रिंग लावलेले. पेट्रोलचा असेल तर घट्ट केल्यावर पेट्रोल कमी. हवेचा असेल तर घट्ट केल्यावर हवा कमी, म्हणजे पेट्रोल जास्त, बरोब्बर उलटं. ओळखायचं कसं, तर कार्बोरेटरच्या मधोमध जो उभा गोल भाग असतो, ज्यात अ‍ॅक्सिलेटरची स्लाइड वरखाली होते, त्याच्या कुठल्या बाजूला स्क्रू आहे ते बघायचं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा. व्हिडिओतली गाडी नव्या धाटणीच्या कार्बोरेटरची होती, तिचा स्क्रू पेट्रोलचा. माझ्या बुलेटला मिककार्बचा व्हीएम २४ कार्बोरेटर, त्याचा स्क्रू हवेचा. मी आगीत तेल ओतत होतो, आणि तेही अगदी मोजून.

आणखी एक, त्याच्याजवळच एक मोठा स्क्रू असतो तो नुसता रेसचा, तो स्लाइड थोडी उचलून धरतो. तो फिरवून मिश्रण बदलत नाही. पहिल्या गॅरेजवाल्याने तोच फिरवला होता.

२८ तारखेच्या रविवारी गोडाऊनमधल्या हमालाच्या ओळखीने विजापूर वेशीजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं गेलो. सगळे चाचा म्हणतात. दुकान म्हणजे एक पत्र्याचं शेड, दोन बुलेटा, एक राजदूत आणि चहाची किटली. मी आपली सगळी रामकहाणी सांगितली, सीओ, व्हिडिओ, बावीसशे. ते ऐकत होते की नाही कोण जाणे, कारण त्यांनी तोपर्यंत प्लग काढून हातात घेतला होता. काळाकुट्ट, बोट लावलं की काजळी येत होती, डोळ्यात घालायच्या काजळासारखी. तो प्लग माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "कार्बोरेटरच्या मागं का लागूलालास बेटा? तो शेवटी. आधी बाकीचं."

मला वाटलं आता ते करतील. त्यांनी पाना माझ्याच हातात दिला. त्यांचा हात थरथरतो, बारीक काम ते आता पोराकडनं करून घेतात, आणि त्या दिवशी पोरगा आला नव्हता. एवढंच कारण. पण त्यामुळं मी शिकलो.

पहिलं एअर फिल्टर. बाजूच्या डब्यातनं काढला आणि मला लाज वाटली. आमचं घर साखर पेठेत, गल्लीत माग, हवेत कायम सुताचं तूस उडतं, वर उन्हाळ्याची धूळ. फिल्टरवर ते तूस आणि धूळ मिळून घोंगडीसारखा थर बसला होता, नखाने उचलला तर सलग निघाला. हवाच आत जात नव्हती. चार वर्षात मी तो डबा एकदाही उघडला नव्हता, आणि पहिल्या गॅरेजवाल्यानेही उघडला नव्हता. नवीन फिल्टर १६० रुपये.

मग चोकची दांडी पूर्ण मागं जाते का, जात होती. मग पॉईंट. या गाडीला ठिणगीची वेळ साधणारा जुना कॉन्टॅक्ट पॉईंट आहे, त्याची फट फिलर गेजने (जाडी मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या मधे पाहिजे, माझी बरीच कमी निघाली, टोकं जळून काळी झालेली. बारीक कानशीने साफ केली, फट लावली. ठिणगीच धड पडत नसेल तर मिश्रण कितीही बरोबर असू दे, प्लग काळाच येणार. मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांडीची (पुशरॉडची) ढिल, ते थंड इंजिनवर, पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणून. चाचांनी माझा हात धरून दाखवलं, पुशरॉड बोटांच्या चिमटीत फिरली पाहिजे पण वरखाली हलता कामा नये. मला तीन वेळा करावं लागलं, एकदा फिरेचना, एकदा खटखट हलायला लागली. ह्याला कुठलं मीटर नाही, बोटच.

तेवढ्यात त्यांनी कार्बोरेटरखाली वाकून बघितलं आणि जिभेने च्यक केलं. ओव्हरफ्लोच्या नळीच्या टोकाला पेट्रोलचा थेंब. पुसला. चहा झाला. परत थेंब.

आता कार्बोरेटर. पेट्रोलचा कॉक बंद, नळी काढली, खालची वाटी उघडली. (हे घरी करणाऱ्यांनी बाहेर मोकळ्यावर करा, आणि कुणी बिडी ओढत बघायला येऊन उभा राहिला तर आधी त्याला घालवा. आमच्या गल्लीत येतातच.) वाटीच्या तळाला टाकीतल्या गंजाची तांबूस रेती. फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा तुकडा) उचलला की एक छोटी सुई पेट्रोल अडवते, ती सुई काढून चाचांनी उन्हात धरली. टोकाच्या उतारावर एक गोल खाच पडली होती, डोळ्याला दिसत नव्हती पण नखाला लागत होती. त्या खाचेतनं पेट्रोल झिरपायचं, वाटीतली पातळी वर चढायची आणि पातळी वर गेली की सगळ्याच जेटमधनं, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यांमधनं, जास्त पेट्रोल ओढलं जातं. म्हणजे मी तो स्क्रू आयुष्यभर फिरवत बसलो असतो तरी सीओ खाली आला नसता.

ती सुई सोलापुरात लगेच मिळाली नाही. चाचा म्हणाले ओरिजिनलच टाक, दुसरी महिन्यात परत गळेल. स्पेअर पार्टवाल्याने पुण्याहून मागवतो म्हणून सांगितलं, चार दिवस म्हणाला, लागले नऊ. मधे ७ मे ला लोकसभेचं मतदान, त्या दिवशी सगळंच बंद. मी रोज रिक्षाने कामावर, जाऊन येऊन शंभर, आणि १४ जून डोक्यात. रात्री झोपताना दिवस मोजायचो. खरं तर मुदत भरपूर होती, पण एकदा फेल लिहिलेलं बघितलं की माणसाला सगळंच फेल दिसायला लागतं.

या नऊ दिवसात एक काम झालं. ऑनलाइन अर्ज भरायला बसलो तर ओटीपी काकांच्या मोबाईलवर येईना. २०१९ ला ज्या एजंटने काम करून दिलं होतं त्याने गाडीच्या रेकॉर्डला स्वतःचाच नंबर टाकला होता. आधी मोबाईल नंबर बदलायची पायरी करावी लागली, त्यात दोन संध्याकाळी गेल्या. जुनी गाडी असेल तर आजच आपल्या गाडीला कुठला नंबर जोडलाय ते बघून ठेवा.

गुरुवारी ९ तारखेला सुई आली, गॅस्केटच्या सेटसकट २८० रुपये. शुक्रवारी अक्षय्य तृतीया, पुरणपोळी खाऊन दुपारी अंग जड झालेलं, तरी चाचांकडं गेलो. कार्ब क्लीनरचा स्प्रे २२० चा घेऊन गेलो होतो. जेट काढले, मेन जेटवर ९० आणि पायलटवर, म्हणजे रेसवर पेट्रोल देणाऱ्या छोट्या जेटवर, २५ कोरलेलं, म्हणजे कुणी मधे बदललेले नव्हते. पायलट जेट उजेडाकडं धरून बघितला तर पलीकडचा उजेड अर्धाच दिसत होता, चंद्रकोरीसारखा. स्प्रे मारला, फुंकलं, परत मारला, मग पूर्ण गोल दिसला. त्यात टाचणी, सुई, तार काही घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट गेला. बसवताना चाचांनी कार्बोरेटर आणि हेडच्या मधली जागा नीट बघायला लावली, तिथनं चोरून हवा आत जात असेल तर पुढचं सगळं सेटिंग वाया.

मग तो हवेचा स्क्रू. हळू हळू आत, टेकेपर्यंत, टेकला की लगेच थांबायचं, दाबायचं नाही, नाहीतर टोकाला वळ पडतो. तिथनं दीड आटा बाहेर. "हे नुसतं सुरुवातीला," चाचा म्हणाले, "आता घरी जा. पळवून गरम कर आणि संध्याकाळी लाव. दुपारी नको." किती घ्यायचे विचारलं तर तीनशे म्हणाले, दोन दिवसांचे मिळून.

रविवारी १२ तारखेला संध्याकाळी सोरेगावपर्यंत जाऊन आलो, इंजिन चांगलं तापलं. थंड इंजिनवर लावलेलं सेटिंग काही कामाचं नाही. घरासमोर स्टँडवर लावली. काका बाजेवर बसले होते. त्यांना कमी ऐकू येतं, मागाच्या कारखान्यात आयुष्य गेलेल्या बऱ्याच जणांना येतं तसं, मशीन आणून दिलंय कानाचं, लावत नाहीत.

आधी रेसचा स्क्रू थोडा आत घेऊन इंजिन जरा जास्त फिरतं ठेवलं. मग स्क्रूड्रायव्हर हवेच्या स्क्रूत, आणि पाव पाव आटा बाहेर. प्रत्येक वेळी फिरवलं की लगेच ऐकायचं नाही, दहा-पंधरा सेकंद थांबायचं, एकदा हलकी रेस देऊन परत सोडायची, मग ऐकायचं. पहिल्या पाव आट्याला आवाज वाढला, धप धप जरा जवळ जवळ आलं. पुढच्या पावाला अजून थोडं. त्याच्या पुढच्या पावाला मला काही फरकच कळेना, वाढलं का, कमी झालं का, तेच का. इंजिन तापत होतं, हवेवर थंड होणारी गाडी, मे महिना, उभ्या गाडीवर दोन-तीन मिनिटाच्या वर चालू ठेवू नका, मी बंद करून पंधरा मिनिटं थांबत होतो. तीन फेऱ्या झाल्या तरी माझं ठरेना.

काका उठले. मला वाटलं आत चाललेत. ते गाडीजवळ आले आणि टाकीवर तळहात ठेवला, पूर्ण पंजा पसरून, आणि दुसरीकडंच बघत उभे राहिले, गल्लीच्या टोकाकडं. "फिरव."

मी दीड आट्यापासून परत बाहेर फिरवला, पाव. "ह्ं." अजून पाव. थोड्या वेळाने त्यांनी हात उचलला. "आता चुकूलालाय. मागाचा धोटा अडकतो तसा, मधेच एक ठोका खातोय." मला ऐकू येत नव्हता तो ठोका. मी पण टाकीवर हात ठेवला, आणि खरंच, सात-आठ ठोक्यांनी एक कुठंतरी बारीक बुडत होता, कानाला नाही पण हाताला लागत होता. म्हणजे हवा जास्त झाली होती. परत आत, पाव. "थांब. हां. राहू दे इथं." मग रेसचा स्क्रू सैल करून इंजिन खाली आणलं, इतकं की ठोके एकेक मोजता यावेत. हळू झाल्यावर हवेचा स्क्रू परत किंचित इकडंतिकडं करून बघितला, कारण रेस उतरली की तो पण थोडा हलतो, पण जागा तीच राहिली. बंद करून आटे मोजले. पावणेदोन.

काका परत बाजेवर जाऊन बसले. पेपर उघडला.

पावणेदोन हा आकडा कॉपी करू नका. तुमच्या गाडीचा दुसरा असेल, जेट वेगळा, फिल्टर वेगळा, आणि आता पेट्रोलमधे इथेनॉल असतं, आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं असेल काही, इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळं तेवढ्याच हवेत तेच जुनं सेटिंग जरा कोरडं पडतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. पुस्तकातला आकडा सुरुवात म्हणून घ्या. आणि स्क्रू टोकापर्यंत आत-बाहेर करूनही इंजिनला काही फरकच पडत नसेल तर स्क्रू सोडा, पायलट जेट तुंबलाय किंवा कुठनं तरी हवा शिरतेय.

अंधार पडायच्या आधी होटगी रोडला एक चक्कर मारली. चाचांनी सांगितलं होतं की हा स्क्रू फक्त रेसवर आणि अ‍ॅक्सिलेटर पाव उघडेपर्यंतच बोलतो, त्याच्यापुढं पाऊणपर्यंत स्लाइडची सुई, आणि पूर्ण उघडला की मेन जेट. म्हणून पन्नासच्या वेगाने तीन-चार किलोमीटर एकसारखी चालवली, मग क्लच दाबून तिथंच इंजिन बंद केलं, बाजूला घेतली, प्लग काढला. फडक्याने धरा, मी नाही धरला, बोट भाजलं. चहाच्या कपाच्या तळाला जो रंग राहतो तसा तपकिरी. काळा आला असता तर स्लाइडच्या सुईची क्लिप एक खाच वर, म्हणजे सुई खाली उतरते आणि पेट्रोल कमी होतं, पांढराफटक आला असता तर उलटं. माझी मधल्या खाचेला होती, हात लावला नाही. पांढऱ्याला जास्त घाबरा, काळ्याने पेट्रोल जातं, पांढऱ्याने पिस्टन.

सोमवार, १३ मे. त्याच पीयूसीवाल्याकडं, मुद्दाम गाडी गरम करून. नळी घातली, मी स्क्रीनकडं न बघता पंपावरच्या हवेच्या मशीनकडं बघत उभा. २.३. त्याने वर बघितलं, "कुठं केलं काम?" घरी म्हणालो तर हसला, खोटं वाटलं असणार. तिसरे पन्नास.

हिशोब लिहायची सवय आहे म्हणून लिहितो, पीयूसीचे दीडशे, पहिल्या गॅरेजचे साडेतीनशे, फिल्टर, सुईचा सेट, स्प्रे, नवीन प्लग एकशेदहा, चाचांचे तीनशे, सगळे मिळून १५७०, रिक्षा सोडून. त्यातले पहिले साडेतीनशे आणि पहिल्या दोन पीयूसीचे शंभर वाया गेलेले धरा.

पुढचं सरळ झालं. अर्ज भरला, नूतनीकरणाचे हजार, कार्डाचे दोनशे, आणि पाच वर्षांचा पर्यावरण कर दोन हजार. २१ मे ची वेळ मिळाली, विजापूर रोडच्या आरटीओला सकाळी लवकर गेलो. चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला छाप लागतो, तो घरूनच नीट काढून न्या, नंबरावरचा मळ आधी रॉकेलच्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर तिथं उन्हात गाडीखाली वाकून घासत बसावं लागतं, माझ्या पुढचा माणूस बसला होता. साहेबांनी लाइट, हॉर्न, ब्रेक, इंडिकेटर बघितले, गाडी चालू करायला लावली. मी अँपिअरचा काटा मधे आणला, डिकॉम्प्रेशर (इंजिनमधली कोंडलेली हवा सोडणारी कळ) ओढून पाय थोडा पुढं घेतला, आणि एका किकमधे लागली. त्यांनी फक्त नंबर टिपून घेतला. ही किक घरी कितीदा प्रॅक्टिस केली होती ते सांगत नाही.

नवीन आरसी जूनच्या पहिल्या आठवड्यात पोस्टाने आली. अ‍ॅव्हरेज आता तेहतीसच्या आसपास आहे, टाकी फुल करून दोनदा मोजलं.

डिसेंबरात थंडी पडल्यावर सकाळी पहिली दोन मिनिटं अ‍ॅक्सिलेटर उघडला की गाडी जरा अडखळायला लागली. घाबरून परत सगळं खोलायच्या आधी चाचांकडं गेलो, ते शेकोटीला हात धरून बसले होते. थंड हवा घट्ट असते, तेवढ्याच भोकातनं जास्त जाते, म्हणून उन्हाळ्यात लावलेली गाडी थंडीत थोडी कोरडी पडते, अर्धा पाव आत घे म्हणाले. म्हणजे आट्याचा आठवा भाग. घेतला. गड्ड्याच्या जत्रेला गर्दीत तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रेंगाळत गेलो, एकदाही बंद पडली नाही. मार्चमधे परत तेवढाच बाहेर काढायचाय, म्हणून टूलबॉक्सच्या झाकणाला आतनं चिठ्ठी चिकटवलीय, उन्हाळा पावणेदोन, थंडीत अर्धा पाव आत, आणि त्याच्या खाली मोठ्या अक्षरात, हवेचा आहे, उलटा फिरतो.